राहतं घर

रविवार, ४ तारीख

किल्ली मिळाली! माझी. म्हणजे तशी आमची, पण सह्या करून करून बोटं माझी दुखली, तेव्हा माझीच. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून लोकांच्या दाढांची बिलं फाडणारी बाई आजपासून घरमालकीण! तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. हे भाड्याने द्यायचं, भाड्यातून हप्ता भागवायचा आणि लेक, आमची चिमी, मोठी झाली की घर तिच्या नावावर करायचं. सगळा खटाटोप तिच्यासाठीच.

दलाल म्हणजे एक नमुना आहे. नळ गळतो म्हटलं, तर म्हणाला होऊन जाईल. भिंतीला ओल आहे म्हटलं, तरी होऊन जाईल. मी त्याचं नावच 'होऊन जाईल' ठेवलंय. नवऱ्याने विचारलं, आता सुट्टीच्या दिवशी तू आम्हाला दिसणार का? मी म्हटलं, महिनाभर कळ काढ. चिमीला नवं घर बघायचंय. तिला सांगितलं, काम संपलं की नेते.

बुधवार, ७ तारीख

प्लंबर येतो म्हणाला आणि आला नाही. रंगारी नको त्या वेळी आला आणि चुकीचा रंग लावून गेला. मी सांगितलेला फिका पिवळा, याने लावला हळदीसारखा. वर मलाच म्हणतो, वाळला की उतरेल. डोंबल उतरेल! दवाखान्यातून तिकडे, तिकडून घरी. घरी पोचते तर जेवणं उरकलेली, नवरा टीव्हीकडे तोंड करून बसलेला. जेवलीस का, एवढंही विचारत नाही. मीही विचारत नाही म्हणा.

शनिवारी चिमीचं नाटक आहे. घुबडाचं काम, दोन वाक्यं. ती दोन वाक्यं आठवडाभर घरात घुमतायत.

रविवार, ११ तारीख

नाटक चुकलं. रंगारी नेमका कालच आला, त्याला एकट्याला सोडलं असतं तर छतही हळदीचं करून ठेवलं असतं. चिमी रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं चालेल म्हणाली आणि पिसं काढून ठेवली. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच खेकसले.

आज होऊन जाईलने नवी युक्ती सांगितली. रिकामं घर लोकांना आवडत नाही म्हणे, त्यांना फक्त भिंतीचे डाग दिसतात. घर राहतं वाटलं पाहिजे. खुंटीला शर्ट, दाराशी चपला, कपाटात कप, भिंतीवर कुटुंबाचा फोटो. त्याचे बाकीचे मालक हे सामान भाड्याने आणतात. मी कशाला आणू? घरात पसारा काय कमी आहे! नवऱ्याचा निळा शर्ट, त्याचा कान तुटलेला कप, चिमीच्या लाल चपला, तिची घुबडाची पिसं, आमचा तिघांचा फोटो, सगळं पिशवीत भरून नेलं आणि मांडलं. खरंच सांगते, आमच्या घरापेक्षा ते घर जास्त घर वाटायला लागलं. मी जरा वेळ खुर्चीत बसलेसुद्धा.

घरी नवरा कप शोधत होता. मी दुसरा पुढे केला.

गुरुवार, १५ तारीख

डोकं फिरलंय. काल एक जोडपं घर बघून गेलं. होऊन जाईल वाटेत अडकला होता, म्हणून ती दोघं एकटीच वर गेली. त्यांनी त्याला फोन करून सांगितलं की घर छान आहे, पण तिथलं कुटुंब कधी सोडणार? गृहस्थ फार अगत्याचे आहेत म्हणे, कान तुटलेल्या कपात चहा दिला आणि हसत हसत घर दाखवलं.

अगत्याचे! माझा नवरा! घरी तोंडातून शब्द फुटत नाही आणि तिकडे परक्यांना चहा पाजतो? मी घरी येऊन हवं ते बोलले. तो म्हणाला की तो दिवसभर ऑफिसात होता, हवं तर साहेबांना विचार. मी खरंच फोन केला. तो ऑफिसातच होता.

या भांडणात तो एकदाही चिडला नाही. पूर्वी आवाज चढवायचा तरी.

रविवार, १८ तारीख

त्या इमारतीत तळमजल्यावर शिंप्याचं दुकान आहे. आज त्यांनी मला हाक मारून फ्रॉक हातात ठेवला आणि उसवून लांब केलाय म्हणून सांगितलं. फ्रॉक चिमीचा. परवा माझ्या बहिणीने आणून दिला म्हणे. मला बहीण नाही. असं कसं, असं ते म्हणाले, चेहरा हुबेहूब तुमचाच, फक्त त्या कधी घाईत नसतात. मुलीला घेऊन पायरीवर बसतात, तिच्याकडून घुबडाची वाक्यं म्हणून घेतात. मुलगी काय झरझर वाढतेय, असंही म्हणाले.

चिमी या इमारतीत एकदाही आलेली नाही. मीच आणलेली नाही.

वर गेले. कुणी नव्हतं. फ्रॉक तिथेच खुंटीला अडकवला. चहाची भांडी ओली होती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. आमच्या घरी चिमीच्या दर वाढदिवसाला मी मारते ना, तशाच, माझ्याच हाताच्या. फक्त शेवटची रेघ माझ्या खांद्याएवढी होती. चिमी अजून माझ्या कमरेच्या जरा वर येते.

रंगाऱ्याचा चावटपणा असेल. असायलाच हवा.

मंगळवार, २० तारीख

आपल्या घरची चौकट पाहिली. कोरी आहे. एकही रेघ नाही. नवऱ्याला विचारलं, तू पुसल्यास का? तो माझ्याकडे बघत राहिला, दुकानात माल बघतात तसा. चिमी ताटापुढे नुसती बसते. हाक मारली की फार उशिरा वळते. कपाळाला हात लावला, ताप नाही. ऊबही नाही.

सामान परत आणायचं. सगळं. खड्ड्यात गेलं भाडं.

गुरुवार, २२ तारीख

किल्ली लागली नाही. कुलूप तेच, किल्ली तीच, फिरत नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता. नवरा मोठ्याने हसत होता — कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी दार बडवलं. हसणं थांबलं नाही.

होऊन जाईलला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, ते घर लागलं की! तुम्हीच तर माणसं लावलीत. आता राहत्या लोकांना कसं काढणार?

शुक्रवार, २३ तारीख

दवाखान्यातून पळत घरी आले. दोघं घरात नाहीत. कपडे नाहीत. दप्तर नाही. ओट्यावर धूळ — सकाळी तर मी इथे पोळ्या —

शाळेत विचारलं. बाई म्हणाल्या, आई मघाशीच येऊन घेऊन गेली. नेहमीसारखी वेळेवर आली.

शनिवार, २४ तारीख

त्या घरी गेले. बेल वाजवली. दार चिमीनेच उघडलं. माझी चिमी. माझ्या खांद्याएवढी, लांब केलेला फ्रॉकही तिला आखूड. मी म्हटलं, चल बाळा, घरी चल, चुकलं माझं. तिने मला नीट पाहिलं, अगदी सभ्यपणे. मग मागे वळून हाक मारली, आई, कुणी काकू आल्यात, घर बघायला आल्या असतील.

आतून उत्तर आलं. माझ्याच आवाजात. इतका शांत माझा आवाज कधी असतो? म्हणाली, त्यांना सांग, आम्ही हे घर सोडणार नाही.

चिमीने सांगितलं. आणि दार लावलं, हळूच, मला लागू नये म्हणून.

रविवार, २५ तारीख

आमच्या घरात बसलेय. चिमी येईल. दप्तरातला डबा राहिलाय, त्यासाठी तरी —

डबाही नाही.

जिन्यात पावलं. चिमी?

नाही. होऊन जाईल. त्याच्याकडे या घराची किल्ली कशी? बरोबर कुणी नवराबायको आहेत. तो त्यांना सांगतोय, बरेच दिवस रिकामं पडलंय. मी ओरडले, अहो, मी राहते इथे! बाईंनी फक्त पदर सावरला, गार वारा आल्यासारखा. त्या म्हणतात, भकास वाटतं. तो म्हणतो, थोडं सामान मांडू, राहतं वाटेल, होऊन जाईल.

टेबलाशी आलाय. माझ्याच समोर. ही वही बघतोय. म्हणतो, ही असू दे इथेच, उघडी — कुणीतरी आत्ताच लिहीत होतं असं वाटतं. पेनही बाजूला ठेवू, असं म्हणून तो माझ्या हातातून