परसटोल्याची तिसरी हाक

१२ एप्रिल २००७

आले बाप्पा एकदाची! गोरेगावपर्यंत एसटी, पुढे अंगणवाडीच्या भूमेश्वरीच्या नवऱ्याची मोटारसायकल, मांडीवर पेटी अन् डोक्यावर ऊन. परसटोल्याचं आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत सुया-औषधं, दुसरीत मी. समोर हातपंप, मागे तलावाचा बांध, बांधावर परसाची झाडं. पळसाला इथे परसा म्हणतात. फुलं झडून गेलीत, कोवळी पानं आलीत.

नागपूरच्या मैत्रिणी म्हणाल्या, येवढ्या दूर कायले मरायला चाललीस? मी बदली मागून घेतली हे त्यांना सांगितलंच नाही. पळसाला पानं तीनच, नर्सला सगळी गावं सारखी. पण हे गाव माझ्या पंजोबांचं आहे.

दुपारी बाराला बांधाकडून कोणीतरी हाक मारली, सुखवंता! मी आतूनच ओ दिली. बाहेर येऊन बघते तर कोणी नाही. पहिल्याच दिवशी नावानं हाक मारतात, म्हणजे गाव चांगलं दिसतं.

१४ एप्रिल

पंजोबा केवलराम पटले. पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती झाले, बोटीनं बसऱ्याला गेले, तिथे वारल्याची तार आली. आमच्याकडे उरला एक बिल्ला, कडेवर इंग्रजीत त्यांचं नाव. पंजी तान्हं पोर कडेवर घेऊन गाव सोडून नागपूरला आली अन् मिलमध्ये लागली. तिचंच नाव मला. मेल्याची तिथी माहीत नाही म्हणून बाबा दरवर्षी सर्वपित्रीला त्यांचं पान ठेवतात. ती तिथी शोधायलाच मी आले.

गावात पटल्यांची अकरा घरं, अन् केवलराम कोणालाच माहीत नाही! माजी सरपंच हिरालाल पटले तासभर धानावर बोलले. मी नाव काढताच बैल बघायला उठले. त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत.

आणखी एक गंमत. इथे पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही, दुसरीलाही नाही. भूमेश्वरी म्हणाली, मेलेल्याला दोनच हाका मारता येतात, तिसरी जित्याची. मला हसूच आलं. आमच्या घरी पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर पंजी पाठीत धपाटा घालायची, म्हणे. बाबांनीही आम्हाला तेच वळण लावलं.

१७ एप्रिल

भर दुपारी पुन्हा हाक. ह्या वेळी हातपंपापासून, दोनदा. ओ देत बाहेर गेले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पायरीवर परसाची डहाळी पडलेली. तीन पानांतलं एक खुडलेलं, दोन शाबूत. कोणी थट्टा करत असेल तर त्याला मोठ्या सुईचं इंजेक्शन देणार आहे!

मान आखडली आहे. उशी बदलायला हवी.

२० एप्रिल, अक्ती

अक्षय्य तृतीयेला इथे अक्ती म्हणतात. आज घरोघरी पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरल्या. समोरच्या देवकाबाईंचं बीपी बघायला गेले. पंच्याण्णव वर्षांची म्हातारी, बालविधवा होऊन माहेरी आली ती इथेच राहिली. मी हाकेची गोष्ट सांगितली तर तिनं माझा हात गच्च धरला.

"काऊन ओ देल्ली वो तू?"

मग तिनं सगळं सांगितलं. ती केवलरामच्या सख्ख्या भावाची मुलगी. तेव्हा सात वर्षांची. तार आली. प्रेत नाही, म्हणून परसाच्या तीनशेसाठ पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला अन् बांधावर जाळला. पंजीच्या बांगड्या फोडल्या. पुढच्या अक्तीला त्याच्या नावानं घागर भरली. अन् दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पायी, तापानं फणफणलेला, खोकत. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ तेव्हा पुरती गेली नव्हती, अर्धं गाव तिनंच नेलं होतं. साऱ्यांनी कड्या लावल्या. पंजी ओ द्यायला उठली तर चौघींनी तिला खाली पाडून तिचं तोंड दाबलं. तीन दिवस तो दारात पाणी मागत होता. चौथ्या दिवशी मेला. बांबूनं ढकलत नेऊन बांधाच्या मातीत पुरला.

मी म्हटलं, भूत समजून घाबरले असतील. तिनं मान हलवली.

"तिसरी हाक मारली त्यानं. जिता होता. आमाले मालूम होता."

त्याच्या घराची जागा पुढे ओसच राहिली. कोणी बांधेना, म्हणून उपकेंद्राला दान दिली. म्हणजे मी त्याच दाराआड झोपते.

तिथी सापडली, बाबा. अक्तीनंतरचा चौथा दिवस. फोनला रेंज मिळायला बांधावर चढावं लागतं. आज पाय उचलला नाही.

२१ एप्रिल

ताप १०१. दुपारी अंगणातून दोन हाका. पुढे खोकला. कोरडा, पानं चुरगळल्यासारखा.

मी गप्प बसले.

२२ एप्रिल

लाज वाटते लिहायला. तो पायरीपर्यंत आला. दोन हाका. माझ्या तोंडून सवयीनं ओ निघणारच होती, तर मी माझ्याच हातानं माझं तोंड दाबलं. पंजीला चौघींनी धरावं लागलं. मला कोणी धरलंही नव्हतं!

दाराखालच्या फटीतून बघितलं. बूट नाहीत. पाय नाहीत. पानं आहेत, काड्यांनी टाचलेली, कडेनं जळालेली.

२३ एप्रिल

हिरालाल पटले दहा जणांना घेऊन आले. दारापासून चार हात लांब उभे. म्हणाले, देवकाबाईनं सगळं सांगितलं, बाई, तू आजच निघ, मोटारसायकल देतो, ताप गावात पसरवू नको. त्यांच्या आज्यानंही हेच म्हटलं असणार. मी म्हटलं, ज्याला ताप आहे त्याच्या दारात जाण्याचा मी पगार घेते. तुम्ही तुमच्या कड्या लावा, तुम्हाला सवय आहे. माझं दार मी उघडीन. खोकल्यानं पुढचं बोलता आलं नाही, पण सारं ऐकू गेलं. खाली माना घालून गेले.

दुपारी दारावरच दोन हाका. भीती वाटली. खूप वाटली. तरी पेशंटच्या रजिस्टरात नोंद केली: केवलराम पटले, वय २६, तक्रार — तहान.

आवाज गेल्यावर बाबांसाठी चिठ्ठी लिहिली, तिथी लिहिली, बिल्ल्याखाली ठेवली.

२४ एप्रिल. चौथा दिवस.

ताप १०४. मान वळत नाही.

साडेअकरा — तांब्या भरून ठेवला. हातपंपाचं गार पाणी. निम्मं सांडलं. परत भरलं.

भूमेश्वरी खिडकीशी येऊन रडली. म्हणाली, ओ देऊ नका ताई, तो घेऊन जाईल. मी म्हटलं, नेऊ दे. पण गावात एक तरी दार —

गावात कड्या लागताहेत. एकेक ऐकू येते. फक्त समोर देवकाबाईचं दार उघडं. उंबऱ्यावर बसली आहे, भर उन्हात. हातात तिचाही तांब्या.

बारा.

पहिली.

दुसरी. — नेहमी इथेच थांबतो. आज दोनच हाका असल्या तरी मी —

शांत. पानं सळसळतात. दाराच्या अगदी —

तिसरी.

तिसरी हाक मारली त्यानं. देवकाबाईनंही ऐकली, उठून उभी राहिली. — जिता आहे. आता कोणी म्हणू नये की भूत —

कडी काढली. डाव्या हातानं लिहिते आहे, उजव्यात पाणी —

ओ, पंजोबा, ओ! आले, आल