गायरानावरचा तरवड

१० नोव्हेंबर
लिहायला बसले ती ग्रामसभेतल्या ठरावामुळे. गायरानावरची झुडपं जेसीबीनं सरसकट काढायची, पायथ्यापासून माथ्यापर्यंत खड्डे, त्यात आंबा न् कडुनिंब. मी म्हटलं, माथ्यावर नुसता मुरूम, रोपं जळतील. झुडपं गेली की उताराची मातीही जाईल. सरपंच दत्ता, अकरावीला माझाच विद्यार्थी होता. म्हणाला, "मॅडम, काटेकुटे हायत ते. पुरावा द्या, महिनाभर थांबतो." सभा हसली. हसू दे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. पुरावा देईन.

१४ नोव्हें.
चढ मोजायला गवंड्याकडून पातळी बघायची पाण्याची नळी आणली. दुसरं टोक कोंडाबाईकडे. तिच्या शेळ्या रोज तिथंच चरतात. थोडं चढायचं, पहार मारायची, माती पिशवीत, झुडूप वहीत. गुडघे बोलताहेत. ऐकत नाही.

१९ नोव्हें.
चित्र स्वच्छ! पायथ्याला काळी माती, पहार हातभर आत: बोर, बाभूळ. मधल्या उतारावर माती वीतभर: तरवडच तरवड, पिवळाधमक. त्याच्या बुंध्यांशी वरून आलेली माती अडलेली. माथ्यावर मुरूम, पहार ठणकन् परत: तिथं हेकळ, तीही गुडघ्याएवढी. फक्त माथ्याच्या पूर्वेला नेपतीची जाळी, बिनपानांची, हिरवीगार. खाली कुठंच नाही. लिहिलं: 'उंचीमुळे.'

२३ नोव्हें.
कोंडाबाईला वाचून दाखवलं. पदर तोंडाला लावून हसली. "उंची कशाची, मॅडम? ही जुनी पांढर हाय. गाव आधी हितंच व्हतं. माझ्या शेळ्यायला ठावं, तुमाला न्हाई?"
नेपतीखाली खणलं. राख, खापऱ्या, भुसभुशीत पांढरी माती. लिंबू पिळलं तर फसफसली, म्हणजे राखेचा क्षार. मुरूम फसफसला नव्हता. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, तीवर नेपती! 'उंचीमुळे' तांबड्या शाईनं खोडलं. पोरांच्या वह्यांवर हेच करायचे. आज स्वतःच्या वहीवर केलं आणि दिवसभर खूश होते.

३० नोव्हें.
दत्ताला न् तीन सदस्यांना गायरानावर बोलावलं. "जागा तू दाखव. झुडूप बघून पहार किती जाईल ते मी सांगते." सात जागा. सातही बरोबर!! सहावी त्यानं मुद्दाम नेपतीपाशी निवडली. "हा तर माथा, मॅडम. मुरूमच."
"हातभर जाईल. मार."
गेली. दत्ता घामाघूम.
कोंडाबाई: "सरपंच, पहार ठिवा. शेळ्या राखायला या, मी शिकवते."
सदस्य खदखदले. दत्ताही. "मॅडम, तवाबी तुमी असंच फळ्यापाशी उभं करायच्या."
"आताही करीन."
पण जाताना म्हणाला, ठराव सभेचा, त्याच्या एकट्याच्या हातात नाही. खरं आहे. मग सभेपुढंच ठेवते. झाडं लावा, पायथ्याच्या काळीत. वरचं एक झुडूप हलवायचं नाही.

४ डिसें.
ग्रामसेवकांकडे दिलं:
उताराचा नकाशा, एक. पहारीच्या मापांचे कागद. मातीच्या पिशव्या अकरा, चिठ्ठ्यांसकट. झुडपांची यादी, खाली दोन सह्या: आधी कोंडाबाईचा अंगठा, मग माझी.
ग्रा.से. म्हणाले, पोच नंतर देतो. मी तिथंच बसून राहिले. मिळाली, शिक्क्यासह.
सभा सोमवारी. कोंडाबाई म्हणते, ती बोलणार.