टेबलावर एकच डबा

राउंडअप, मोन्टॅना
सोमवार, १९ सप्टेंबर २०१६

प्रिय डेलमार,

तुझं पत्र पोचलं. आर्लिसने पाठवलेली चोकचेरीची जेली पण पोचली, तिला सांग की या वेळी नीट घट्ट झाली आहे, गेल्या वर्षीसारखी वाहत नाही. मी बरा आहे. गुडघे कुरकुर करतात, पण आता त्यांचं ऐकायला मला वेळच वेळ आहे. बारीक अक्षर वाचायला तुला त्रास होतो असं तुझी बायको, म्हणजे माझी बहीणच, म्हणाली, म्हणून हे मोठं काढतोय. कागद जास्त लागतील, लागू देत.

इकडे फारसं काही नाही. कापणी आटपली. चर्चमधल्या जेवणाला यंदा माणसं कमी होती आणि बटाटे कच्चे होते. नवीन पाद्री मिनेसोटाचा आहे. त्याने मला विचारलं, वेळ कसा घालवता? मी म्हणालो, तळघरात बसून बंदुकीची दारू मोजतो. तो जरा मागे सरकला.

दारू मोजायच्या मशीनचं विचारलंयस, म्हणून सांगतो. आता ते एका काडीपर्यंत अचूक झालंय. रायफलच्या दारूची एक काडी, नखाएवढीही नाही, तेवढाच काय तो फरक. पूर्वी शेवटच्या क्षणी नळीतून गठ्ठा खाली पडायचा आणि वजन ग्रेनच्या दहाव्या भागाने पुढे जायचं. त्याच्यावर उपाय म्हणून मी हॅम्बर्गरच्या दुकानातली स्ट्रॉ इंचभर कापून नळीच्या तोंडात बसवली. आता काड्या एकामागून एक पडतात, शहाण्या पोरांसारख्या. सुरू केल्यावर तासभर नुसतं तापू देतो, त्याआधी एक दाणाही मोजत नाही. पंखा बंद. खिडकीला घोंगडी. फोन वरच्या मजल्यावर. ट्यूबलाइट काढून साधा दिवा लावला, कारण तिच्यामुळे काटा थरथरतो. ताटलीत दारू चिकटू नये म्हणून कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या कागदाने पुसतो. आणि प्रत्येक माप परत बाबांच्या जुन्या दांडीच्या काट्यावर टाकून बघतो. दोन वर्षं हेच चाललंय. कधीकधी माझाच मला कंटाळा येतो, तरी सकाळी कॉफी घेऊन पुन्हा खाली जातो.

तू लिहितोस की डाव्या खांद्यावर रायफल घ्यायला शिकलास आणि दोनशे यार्डांवर थाळीएवढ्या जागेत गोळ्या लावतोस. वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. पुढे लिहितोस की आठ ऑक्टोबरला अँटिलोप हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि काडतुसं मात्र मी भरलेलीच हवीत, "कारण ते मशीनचं भूत तू आता माणसाळवलंयस." शनिवारी न्यायला येतोस.

पन्नास काडतुसं भरून ठेवली आहेत. ती बरोबर आहेत, तीनदा तपासली आहेत. पण तुझा उरलेला डोळा त्यांच्यामागे ठेवण्याआधी तुला एक गोष्ट माहीत हवी. हे मी दोन वर्षांत फोनवर चार वेळा सांगायला घेतलं, आणि चारही वेळा हवामानावर बोललो.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी खडीच्या खाणीत तू तिसरा बार काढलास आणि रायफलचा मागचा भाग फुटून तुझ्या तोंडावर आला. बिलिंग्जपर्यंतचे पन्नास मैल तू तोंडाला टॉवेल धरून बसला होतास. मी गाडी चालवताना रडत होतो आणि तू म्हणालास, "रडू नको लेका, रस्ता बघ. या घडीला आपल्या दोघांत मिळून दोनच डोळे उघडे आहेत, ते दोन्ही तुझे आहेत."

मग दवाखान्यात तूच निकाल देऊन टाकलास. मशीनने जास्त दारू टाकली. मला बाबांच्या काट्यावर मोजायचं होतं, आणि तू वाढदिवसाला ते मशीन आणून माझ्या गळ्यात मारलंस, म्हणून दोष तुझा. आर्लिसही तेच म्हणते. तुम्ही दोघं इतकं ठामपणे बोलत होता की मला फक्त गप्प बसायचं होतं. ते मला जमलं.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी ते मशीन चालवून पाहिलं होतं, डेलमार. साठ मापं काढली. एकही चुकलं नाही. ग्रेनचा दहावा भाग इकडे तिकडे, त्याने रायफल फुटत नाही. तुझं मशीन पहिल्या दिवसापासून चांगलं होतं.

आदल्या शनिवारी मी पिस्तुलाची काडतुसं भरत होतो. आर्लिसचा फोन आला की रोस्ट गार होतंय, तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबलाय. मी उठलो. दारूचा डबा झाकण लावून फळीवर ठेवला. मशीनच्या भांड्यात तळाला पिस्तुलाची दारू राहिली होती, ती काढली नाही. रविवारी त्याच्यावरच रायफलची दारू ओतली आणि रेडिओवर बेसबॉल ऐकत तुझी वीस काडतुसं भरली. वजन बरोबर होतं. काट्याला काय कळणार, त्याच्यावर रायफलची दारू पडली आहे की भसकन जळून रायफल फोडणारी पिस्तुलाची.

टेबलावर एकच डबा. भांडं रिकामं केल्याशिवाय बूड हलवायचं नाही. हे मला कुणी शिकवलं? मी एकोणीस वर्षांचा होतो, तुझ्या गॅरेजमध्ये, आणि आर्लिसशी तुझं अजून लग्नही ठरलं नव्हतं. मी सिगारेट आणायला उठलो तेव्हा तू मला मानगूट धरून परत बसवलं होतंस.

तुझी उरलेली सतरा काडतुसं मी उघडली. चारांमध्ये काड्यांत मिसळलेल्या चपट्या पापड्या होत्या, पिस्तुलाच्या दारूच्या. ती दारू मी मागच्या अंगणात फेकली. तिथलं गवत दोन वर्षं सगळ्यात हिरवं आहे. मी तिकडून गवत कापायचं यंत्र फिरवत नाही.

मग मी मशीन सुधारायला बसलो. लोकांना वाटलं, हा बिचारा मेव्हण्यासाठी झटतोय. मला वाटतं, मी ते बिघडलेलं होतं असं सिद्ध करायला बसलो होतो. जितकं सुधारेन, तितकं ते आधी वाईट असल्यासारखं दिसेल. आता एका काडीवर आलंय आणि पुढे सुधारायला काही उरलेलं नाही. मी फार दमलोय, डेलमार.

गेल्या थँक्सगिव्हिंगला तू भांडी पुसताना माझी माफी मागितलीस. म्हणालास, "मी ते भूत घरात आणलं नसतं तर तुला हे ओझं नसतं." आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, जाऊ दे रे, मी कधीच मनात धरलं नाही. तुझा डोळा घेतला आणि वर तुलाच माफ केलं. दोन वर्षांत मी जे काही केलं त्यात मला रात्रंदिवस टोचतं ते हे.

शनिवारी आलास तर मी तळघरात असेन. काडतुसं टेबलावर असतील आणि बाजूला बाबांचा काटा. हवी तर एकेक उघडून बघ, किंवा दुकानातून नवीन डबा घेऊन ये आणि माझ्यासमोर स्वतः भर, मी हात लावणार नाही. नाही आलास तर दुपारपर्यंत मला समजेल, आणि मी फोन करून विचारणार नाही. आर्लिसला मी स्वतः येऊन सांगेन, माझ्या बहिणीला हे तुझ्या तोंडून कळू नये.

हे पत्र तिला वाचायला देऊ नकोस. तू स्वतः वाच. अक्षर मोठं काढलंय ते खरं म्हणजे एवढ्याचसाठी.

तुझं मशीन निर्दोष होतं आणि तूही.

व्हर्लिन