नवऱ्याला बाहेर काढायचा कायदा

नॉर्थ कॅरोलायना, १९४१

क्लेटन,

सरकारी घरं बांधायला गावाने कर्जरोखे विकून पैसा उभा केला आणि तू आईकडून मला आलेली पीचची बाग गावाला विकून मोकळा झालास. सही मात्र माझी लागली. लग्न झालेल्या बाईची सही घेताना नवऱ्याला बाहेर काढून तिला एकटीला विचारायचं, ‘बाई, जबरदस्ती नाही ना?’ असा इथला कायदा. कारकून प्रुइटने तुझ्यादेखतच विचारलं. तू खिदळलास, "तिला काय कळतंय? मार शिक्का!"

मला कळत होतं रे, गाढवा. तो कागद कोर्टात टिकत नाही. घरांचा पाया भरून होईपर्यंत मी गप्प बसणार आहे, मग कोर्टात जाऊन जमीन परत मागेन. म्हणूनच हे पत्र टाकत नाही. टाकलं तर तू पुन्हा सही मागायला धावत येशील आणि या वेळी मुकाट्याने दाराबाहेर उभा राहशील.

काही न कळणारी,
लुएला