बाबांचा क्रोटन

४ मार्च

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तराला महिना लागला. सबब सांगत नाही, दमले आहे. रोपवाटिका विकायचं ठरवलंय. घेणारा शेजारचाच फुलवाला. बाबा गेल्यापासून एकोणीस वर्षं क्रोटनच्या फांद्या सोलते आणि मुळं फुटावीत म्हणून गुटी बांधते आहे. चिकाच्या डागांनी एक कपडा धड नाही, आणि कंबर तर बोलूच नकोस. कागद सोबत आहेत, सही कर. नाही म्हणायचं असेल तर आधी येऊन पंधरा दिवस पाणी घाल.

मुलांना पापा. माया आहेच.

ताई

१६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. कागद मिळाले, पण सही करायला हात धजत नाही, तसेच परत धाडतो. बाबांनी एका फांदीवर तो सोनेरी शिरांचा लाल रंग हेरला, त्याचं झाड केलं, त्याला आईचं नाव दिलं. ते फुलवाल्याला द्यायचं? रजा मिळत नाही, नाहीतर आलो असतो. (हे तू दर वर्षी ऐकतेस, ठाऊक आहे.) ते झाड माझ्याकडे पाठव. ते माझ्या गॅलरीत सुखरूप रुजलं की सही करतो, शब्द देतो.

राग धरू नकोस.

तुझा धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. झाड टेम्पोवाल्याबरोबर पाठवलंय. त्या रंगाचं एवढं एकच उरलंय, बाकीची गेल्या वर्षी मुळं कुजून गेली. नवी गुटी बांधायचं त्राण नव्हतं. ऊन भरपूर, पाणी बेताचं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस. पोचलं की फोटो धाड.

ताई

२ मे

ती. ताईस,

शि. सा. न. कसं लिहू कळत नाही. आठ दिवसांत झाडाची सगळी पानं गळली. नुसत्या काड्या उरल्या. मेलं समजून मी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. तुला पाठवलेला फोटो बाजारातून आणलेल्या क्रोटनचा आहे. हिने मला खूप बोल लावले. तूही लाव.

अपराधी,
धाकटा

११ मे

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. फोटो पाहूनच ओळखलं होतं. बाबांची मुलगी आहे मी, पिवळ्याला सोनेरी म्हणणार नाही.

चूक माझीच. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतो आणि महिन्या-दीड महिन्यात नवी धरतो. ते झाड जिवंत होतं रे. आपल्या घरात हे सगळ्यांना ठाऊकच, कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून मलाही लिहायचं सुचलं नाही. तू घर सोडून किती वर्षं झाली, हे विसरले.

तुझं पत्र वाचून पोटभर रडले. मग उठून तुला चार शब्द सुनवायला बसले, तर राग येईना. एकोणीस वर्षं एकच धास्ती होती, की ते माझ्या हातून जाईल. कुणाच्या लग्नाला गेले तरी दुसऱ्या दिवशी परत. आता ते गेलं, आणि मला हलकं वाटतंय. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच लिहिते.

कागद परत पाठवते. या वेळी निमित्त काढू नकोस, सही कर.

लोभ आहेच. वाढवायचं तेवढं तू बघ, मी जरा बसते.

ताई