परवाचा नियम

प्रिय सारंगदादा,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, खोडत बसत नाही. मेसेज तू वाचतोस आणि गप्प बसतोस, म्हणून कागदावर लिहितेय. हा निदान वहिनींच्याही हाताला लागेल.

तीन आठवडे तू फोनवर सांगितलंस ते सगळं मी निमूटपणे केलं. मोडेम दहा-दहा मिनिटं बंद ठेवला. दिलसुखनगरची तीन दुकानं फिरून नवी केबल आणली. लॅपटॉप तपासायला ऑफिसात नेला, त्या दिवशी बाबा चार तास एकटे होते. परत आले तेव्हा चादर ओली होती आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. लॅपटॉपात काहीच दोष निघाला नाही. ऑफिसच्या यंत्रणेत शिरायला लागणारं व्हीपीएन घरी मात्र ‘कनेक्टिंग’वर गोल गोल फिरतच राहिलं. बाबांचा टीव्ही चालू, लांबून बघायला तू त्यांच्या खोलीत लावलेला कॅमेरा चालू, बंद फक्त माझं काम.

गच्चीत जाऊन मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की ते लगेच जोडलं जायचं, हे मी तुला दोनदा सांगितलं. तळमजल्यावर रेंज येत नाही आणि गच्चीत बाबांची हाक ऐकू येत नाही, हेही. तू म्हणालास, “मग लॅपटॉपच गेला असेल गं.” वीस वर्षं आयटीत काढलेला माणूस तू! दोष मोडेममध्ये आहे हे तुला कळलं नाही, यावर मी विश्वास ठेवला. मूर्ख मी. तिकडे मॅनेजरनं बजावलं, सोमवारपासून रोज ऑफिसात या, नाहीतर राजीनामा द्या.

बाबांनीच शेवटी धागा दिला. अर्धांगवायूनंतर त्यांचा एकेक शब्द ओढून काढावा लागतो. “सारंगनं... परवा... मोडेम...” एवढं म्हणाले. मी मोडेममधल्या दोन दिवसांपूर्वीच्या नोंदी धुंडाळल्या, काही नाही. मग गल्लीतल्या नेटवाल्या खाजाभाईंना बोलावलं. बाबांचे शब्द ऐकून ते हसले. “क्या मॅडम, हैदराबाद में इत्ते साल रह के भी! यहाँ का परसों पिछले साल का भी होता.” नामपल्लीत चाळीस वर्षं नोकरी केलेल्या बाबांचा परवाही तसलाच.

आम्ही नोंदींत मागे मागे गेलो. चार तारखेला संध्याकाळी बाहेरून लॉगिन, तुझ्या नावानं. फायरवॉलमध्ये एक नवा नियम: व्हीपीएन अडवा. घरातल्या एकाच यंत्रासाठी, माझ्या लॅपटॉपसाठी. खाजाभाईंचं हसू गेलं. “ये गलती नै है मॅडम. कोई बैठ के करा ये.” मोडेमच्या तळाशी चिकटवलेला पासवर्ड तू बाबांकडूनच फोनवर एकेक अक्षर करत वाचून घेतलास ना? चालत्या एका हातानं त्यांनी उशाजवळचा मोडेम उलटा केला.

आदल्याच दिवशी, तीन तारखेला, तू म्हणाला होतास की पुण्याच्या वृद्धाश्रमात बाबांचं नाव घालून ठेवलंय, आणि मी घरी असेपर्यंत ते जाणार नाहीत असं मी सांगितलं होतं. मी घरी नसावं म्हणून तू काय केलंस, ते या पत्रात आहे. नियम मी काढून टाकलाय. व्हीपीएन चार सेकंदांत जोडलं गेलं, नोकरी राहिली. मोडेमचा पासवर्ड बदललाय. कालपासून तुला कॅमेरा काळा दिसत असेल. बिघाड शोधू नकोस, मी तो काढून कपाटात ठेवलाय. बाबांना बघायचं असेल तर गाडीत बस, नामपल्लीला उतर आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहा. त्यांना मी काही बोललेले नाही. अजून रोज विचारतात, सारंगचं ते मोडेमचं काम झालं का. झालं, असं सांगितलंय.

तुझीच, कारण दुसरा भाऊ नाही,
केतकी