माझ्या पोटावरचा सराव

३ मार्च

आज माझं पोट कॉलेजात जाऊन आलं. सकाळपासून उपाशी — कॉफीसुद्धा नाही — पोटात वारा धरला की चित्र दिसत नाही म्हणे. सराव-खोलीत पाच पलंग, सोनोग्राफीची पाच मशिनं आणि आमच्यासारखी फुकटची पोटं. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त पोस्टमन चक्क घोरत होता.

माझी नात इतसेल दाबतच नव्हती. जेल लावलेला तो दांडा हळूच टेकवायची आणि मलाच विचारायची, "दुखतंय का आजी?" मागून तिच्या बाई, मिसेस प्रुइट, म्हणाल्या, "दाब. धुक्याचे फोटो नकोत मला." मी म्हटलं, "अगं, तमालेससाठी मक्याचं पीठ मळतेस तशी दाब. चार बाळंतपणं काढलीत या पोटानं, तुझ्या दांड्याला भीक घालतंय का ते."

हे लिहिते आहे इतसेलच. मला अक्षर येत नाही. ती म्हणते दांडा नव्हे, प्रोब. दांडाच लिही.

६ मार्च

इतसेल नापास. हॉस्पिटलातली प्रात्यक्षिक परीक्षा. चित्रं सुरेख निघाली. पण पलंगावरची गरोदर बाई रडवेली होऊन विचारत होती, बाळ ठीक आहे ना — आणि ही बोलून गेली, "घाबरू नका, सगळं छान आहे." झालं! काय दिसलं ते डॉक्टरांनी सांगायचं. हिनं तोंड मिटून चित्रं काढायची. बाळ खरंच छान होतं, तरी नापास.

दुसरी संधी २२ तारखेला. तिसरी नाही. गेली तर दोन वर्षं पाण्यात.

लिहिताना नाक ओढते आहे. तेही लिही.

९ मार्च

पुन्हा सराव-खोली. आज तोंड मिटायचा धडा, आणि छळायला मी. इथे मला आजी म्हणायचं नाही, परक्या बाईला म्हणतात तसं सेन्योरा म्हणायचं.

"काय दिसलं गं?"

"डॉक्टर सांगतील, सेन्योरा."

"माझा नवरा दिसतोय का आत कुठे? वीस वर्षं झाली, बाहेर तर सापडत नाही."

"डॉक्टर सांगतील, सेन्योरा."

पोस्टमन हसून हसून पलंगावरून पडायला आला. ही नाही हसली. शिकते आहे पोर.

११ मार्च

आज पोटातली मोठी शीर बघायची होती. इतसेल चांगली दाबत होती. मग हात थांबला.

"काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील, आजी."

सेन्योरा म्हणायला विसरली. बाईंना बोलावलं. बाईंनी दांडा घेतला, बराच वेळ फिरवला आणि माझ्या डॉक्टरांच्या नावानं बंद चिठ्ठी दिली.

चिठ्ठी टेबलावर आहे. या घरात वाचता येणारी एकच. मी वाच म्हटलं नाही. तिनंही उघडली नाही. घेवडा जेवलो, भांडी घासली.

मान वर करू नकोस, इतसेल. लिही.

१५ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आले. इतसेलची हॉस्पिटलात सरावाची पाळी होती, म्हणून पलीकडच्या घरातल्या ओफेलियाला नेलं. शीर जराशी फुगली आहे म्हणाले, या वयात फुगते. मीठ कमी करा, सहा महिन्यांनी दाखवा.

सहा महिने — ठळक लिही. दोनदा विचारून झालं हिचं, नक्की ना, नक्की ना. ओफेलिया साक्षीला आहे, जा, विचारून ये. आणि मग अभ्यासाला बस.

२१ मार्च

आज अक्षर ओफेलियाचं आहे.

ते सहा महिने मी माझ्या मनानं सांगितले. डॉक्टर म्हणाले होते, शीर कधीही फुटेल, ऑपरेशन लगेच. उद्या सकाळी सातला ऑपरेशन — पलीकडच्या गावातल्या हॉस्पिटलात, इतसेलच्या नाही. नऊला तिची परीक्षा. तिला सांगितलंय, ओफेलियाच्या बहिणीकडे चालले दोन दिवस. तिनं माझी पिशवी स्वतः भरून दिली, स्वेटर घातला आत.

ओफेलिया, मी आले तर हे पान मी तिला वाचायला देईन. नाही आले तर तू दे. पण उद्या दुपारी बारानंतर, तिची परीक्षा संपली की. त्याआधी तिनं कितीही विचारलं तरी नाही.